शुगरवाल्यांनो, बीपीच्या दोन आकड्यांमधलं अंतर पण बघत जा: नसा कडक होणं, हार्टचा धोका आणि गावात राहून काय काय करता येते

दवाखान्यातून घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, शुगर किती निघाली. बीपी विचारलाच तर "थोडा वाढला म्हणे" एवढ्यावर भागते. पर्चीवर मात्र लिहिलेलं असते १६४/६८, आणि खालचा ६८ पाहून पुष्कळ जण म्हणतात, "खालचा नॉर्मल हाये न भाऊ, मंग कायचं टेन्शन." टेन्शन तिथंच आहे. शुगरच्या माणसाचा, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्याचा, वरचा आकडा वर्षावर्षाला वर जाऊन राहिला आणि खालचा खाली येऊन राहिला तर मोठ्या नसा कडक होत चालल्या असं समजायला जागा आहे. आणि शुगरच्या माणसाचा जीव जास्त करून शुगरनं नाही जात, हार्टनं आणि लकव्यानं जाते.

हे काही मोजक्या लोकांचं दुखणं नाही. देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, इंडियाब सर्व्हेचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात शुगरचे साधारण १० कोटी लोक निघाले आणि मोठ्या माणसांत बीपीवाले ३५ टक्क्यांच्या वर. म्हणजे एकाच घरात, एकाच माणसात दोन्ही असणं आता नवलाचं राहिलं नाही.

आधी आत काय होते ते समजून घ्या

हृदयातून निघणारी मोठी धमनी लवचिक असते. ठोका पडला की ती फुगते, ठोका संपला की आकसते, आणि त्या आकसण्यानंच दोन ठोक्यांच्या मधात पण रक्त पुढं सरकत राहते. मोटरचा नवा रबरी पाइप पाहा, मोटर चालू केली की थोडा फुगून धक्का पचवून घेते, आणि दोन-तीन उन्हाळे वावरात पडून वाळलेला पाइप फुगतच नाही, धक्का जसाच्या तसा पुढच्या तोटीवर आदळते.

शुगर जास्त राहिली की रक्तातली साखर धमनीच्या भिंतीतल्या प्रोटीनला चिकटते आणि धागे एकमेकांत जखडून जातात. एचबीएवनसी टेस्टमध्ये, म्हणजे तीन महिन्यांची शुगर सांगणाऱ्या टेस्टमध्ये, आपण हेच चिकटणं मोजतो, फक्त रक्ताच्या लाल पेशीवर. फरक एवढाच की लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग नवी येते, म्हणून तीन महिने नीट पथ्य पाळलं की रिपोर्ट सुधारते. धमनीच्या भिंतीतले धागे वर्षानुवर्षं तेच राहतात. म्हणून यावेळी रिपोर्ट ६.८ आला म्हणजे मागच्या दहा वर्षांचं सगळं धुऊन निघालं असं नाही. त्यात भिंतीत कॅल्शियम साचते, किडनी कमजोर झाली असली तर आणखी जास्त.

आता याचा हार्टशी संबंध कसा, तर धमनी कडक असली की ठोक्याची लाट जोरात धावते, पुढं आदळून लवकर वापस येते आणि हृदय अजून रक्त ढकलूनच राहिलं तेवढ्यात त्याच्या अंगावर येते. हृदयाला जास्त जोर लावावा लागते, त्याची भिंत जाड होते. दुसरीकडून खालचा आकडा पडते, आणि हृदयाच्या स्वतःच्या नसांना रक्त मुख्यतः तो सैल पडते तेव्हाच मिळते, म्हणजे खालच्या आकड्याच्या वेळी. काम वाढलं आणि खुराक कमी झाली, असं दोन्हीकडून. किडनी आणि मेंदूतल्या बारीक नसांवर तोच धक्का बसते तो वेगळा.

ब्लॉकेज आणि कडकपणा मात्र एक नाही. ब्लॉकेज आतल्या अस्तरात चरबीचा थर साचून होते, कडकपणा भिंतीतच असते. शुगरमध्ये बरेचदा दोन्ही सोबत चालतात, पण एक असला म्हणजे दुसरा असेलच असं नाही.

पहिलं काम: बीपी नीट मोजा

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथंच सगळं बिघडते. माणूस काळी-पिवळीत लटकून तालुक्याला येते, लाइनीत उभा राहते, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि नंबर लागला की धापा टाकत स्टूलवर बसते न बसते तर पट्टा बांधला. त्या आकड्यावर गोळी वाढवायची का कमी करायची हे ठरवणं कठीण आहे.

घरी मोजायचं असेल तर दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. एक मशीन तीन-चार घरांत मिळून घेतलं तरी चालते. पट्टा दंडाच्या मापाचा पाहिजे, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटा जास्त दाखवते. मोजायच्या अर्धा तास आधी चहा, खर्रा, बिडी काही नको, लघवी करून या, मग पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप बसा. बाजेच्या काठावर पाय लोंबकळत ठेवून नाही, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, हात टेबलावर किंवा उशीवर छातीच्या लेव्हलला, पट्टा उघड्या दंडावर. आणि मोजताना बोलायचं नाही, आमच्याकडं तर पट्टा फुगून राहिला की तेव्हाच पऱ्हाटीचा भाव आठवते सगळ्यांना.

पहिल्यांदा दोन्ही हातांचा मोजा. दोन हातांत १५ च्या वर फरक नेहमी येत असेल तर तेही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे, एका हाताच्या धमनीत अडथळा असू शकते. नाहीतर ज्या हाताचा जास्त येते तोच पुढं धरायचा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोनदा, मधात एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त म्हणजे बीपी वाढलेला समजतात. मशीन नसेल तर उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, फुकटात मोजून मिळते, तिशीच्या वरच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी त्यांच्या कामातच आहे. आशाताईला विचारा, तिला दिवस माहीत असते.

दुसरं काम: वजाबाकी

वरच्यातून खालचा वजा करा. १२४/८२ असेल तर ४२, हे ठीक आहे. १६४/६८ असेल तर ९६. साधारण ४० च्या आसपास अंतर असते, आणि उतारवयात ते नेहमीच ६० च्या वर राहत असेल तर नसा कडक झाल्याचा इशारा धरतात. वहीत तारीख, वरचा, खालचा, फरक आणि नाडी, असे पाच रकाने आखा. नातवाला द्या हे काम, वजाबाकीचा सराव होईल त्याचा.

पण एका आकड्यावरून घाबरू नका. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढला असला, हृदयाची झडप गळत असली तरी हा फरक वाढते, आणि आपल्याकडं बायांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. म्हणून वही दाखवा, निदान डॉक्टरला करू द्या.

मोठ्या शहरात नसांचा कडकपणा थेट मोजणारी मशीन असते, ठोक्याची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगानं जाते ते मोजते, सेकंदाला १० मीटरच्या वर गेलं तर कडक समजतात. टेस्ट चांगली आहे, खोटी नाही. पण त्यासाठी नागपूरपर्यंत गाडीभाडं घालून जावं असं मला नाही वाटत, कारण रिपोर्ट काहीही आला तरी इलाज तोच राहते, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू. तोच पैसा खाली सांगितलेल्या टेस्टवर घाला.

तिसरं काम: उभं राहून मोजा

हे कोणीच करत नाही. बसून मोजला, मग उभं राहा, एका मिनिटानं मोजा, तिसऱ्या मिनिटाला परत. वरचा २० नी किंवा खालचा १० नी पडला तर ते लिहून ठेवा. जुन्या शुगरमध्ये बीपी सांभाळणारे बारीक मज्जातंतू खराब होतात, त्यात नसा कडक, त्यात गोळ्या, मग म्हातारा माणूस पहाटे बाजेवरून उठते अन् डोळ्यापुढं अंधारी येऊन पडते, आणि घरचे म्हणतात चक्कर आली. बसून १५८/६८ आणि उभा राहून १२६/६० असेल तर नुसता बसलेला आकडा पाहून डोस वाढवणं धोक्याचं होऊ शकते. डॉक्टरला हे कळणार कसं, तुम्ही सांगितल्याशिवाय?

चौथं काम: वर्षातून एकदा या टेस्ट

एचबीएवनसी वर्षातून दोनदा तरी, बऱ्याच लोकांसाठी ७ च्या खाली चांगला, म्हातारपणात किंवा शुगर एकदम उतरायचा धोका असेल तर ८ पर्यंत डॉक्टर चालू देतात. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची टेस्ट. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट. डोळ्याच्या पडद्याची तपासणी. ईसीजी काढा, पण ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही असं प्रमाणपत्र नाही ते, आरामात झोपून काढलेला ईसीजी बरेचदा नॉर्मलच येते.

आणि एक टेस्ट आपण नेहमी विसरतो, लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ३० च्या वर आलं, आणि काही महिन्यांत परत केल्यावरही आलं, तर किडनीच्या बारीक नसांना मार बसून राहिला असा अर्थ, आणि ज्याची किडनी गळते त्याच्या हार्टला धोका जास्त असतेच. सांगितल्याशिवाय लॅबवाले करत नाहीत, साधी लघवी तपासून देतात, म्हणून नाव घेऊन सांगा. गावाजवळ होत नसेल तर जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना, नागपूरचं मेडिकल, जिथं जाणं होत असेल तिथं त्याच फेरीत करून घ्या.

पायाकडं पण बघा. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की मोकळं वाटते, असं होत असेल तर पायाच्या नसांची तपासणी लागते. घोट्याचा बीपी आणि दंडाचा बीपी यांचं प्रमाण काढतात, ०.९ किंवा कमी म्हणजे पायाला रक्त कमी. शुगरमध्ये गंमत अशी की हे प्रमाण कधी कधी १.४ च्या वर येते, लोक म्हणतात वा छान, अन् खरं म्हणजे नस इतकी कडक झालेली असते की पट्ट्यानं दबतच नाही.

पाचवं काम: गोळ्या

कोणती गोळी हे डॉक्टरच ठरवतील, मी फक्त गावात चालणारे घोळ सांगतो. बीपी शुगरच्या माणसात बहुतेक वेळा १३०/८० च्या खाली ठेवायचा असते. त्यासाठी टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन या नेहमीच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधीत मिळतात. टेल्मिसार्टन चालू झाल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा बघायला लागते. अॅम्लोडिपिननं पाय सुजले तर गोळी फेकून देऊ नका, सांगा, बदलून मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीपीच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे होते त्यात वर्धा आणि भंडारा होते, आणि तिथं जोर कशावर होता तर महागड्या औषधावर नाही, ठरलेली साधी गोळी, महिनाभराची एकदम, आणि घराजवळच्या केंद्रात. तेवढ्यानं काम होते, मधात खंड नाही पडला तर.

कोलेस्टेरॉलची गोळी चाळिशीनंतर शुगरच्या जवळपास सगळ्यांना देतात, रिपोर्ट नॉर्मल असला तरी. "माह्यं कोलेस्टेरॉल तं बरोबर हाये, मंग हे काहून देली" असं म्हणून बंद करणारे मी कितीतरी पाहिले. ती रिपोर्टसाठी नसते, हार्टसाठी असते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या नव्या गोळ्या हार्ट आणि किडनी दोन्हीला वाचवतात, आता जेनेरिकमध्ये पण येतात, आपल्याला चालेल का हे विचारा. फक्त उलट्या-हगवण लागली, जेवणच जात नाही, किंवा निर्जळी उपास असेल तर ही गोळी त्या दिवसांत थांबवायची का हे आधीच विचारून ठेवा. मे महिन्यात ४५ डिग्रीत वावरात काम करणाऱ्यानं तर नक्कीच, लघवीची गोळी चालू असेल तरीपण, कारण पाणी कमी पडून बीपी धाडकन पडते.

आता खरा राग येते ती गोष्ट. निंदणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली की गावोगावी पुडी मिळते, दहा-वीस रुपयांत, एका डोसात माणूस ताजातवाना. त्यात बरेचदा पेनकिलर असते, कधी स्टेरॉइड. पेनकिलरनं बीपी वाढते, किडनीला मार बसते, स्टेरॉइडनं शुगर उसळते. चार महिने पथ्य पाळून आणलेला बीपी आठ दिवसांच्या पुडीनं वर जाते आणि आपण दोष देतो आलूच्या भाजीला. दुखते तर दुखण्याची गोळी लागेलच, पण शुगर-बीपी आहे हे सांगून, पाकिटावर नाव असलेली घ्या.

नसा साफ करणारे काढे, ब्लॉकेज विरघळवणारं चूर्ण, यावर मी वेळ घालवत नाही. भिंतीत साचलेलं कॅल्शियम काढ्यानं धुऊन निघत नाही.

सहावं काम: खर्रा, मीठ, चालणं

खर्रा सोडणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कामाचं. निकोटीन गेल्याबरोबर नाडी आणि बीपी वाढते, नस आकसते, आणि दिवसाला पाच-सहा पुड्या म्हणजे नस दिवसभर आवळलेलीच. "बिडी नाही पेत न, खर्राच खाते" हा बचाव नाही. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची सरकारी लाइन आहे, फोन फुकट लागते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, भाजी-वरण-पोळी सगळं धरून. आपल्याकडं ते भाजीत नाही लपत, ठेच्यात, लोणच्यात, पापड-सांडग्यात, चिवड्यात आणि तर्रीत लपते. भाजीत मीठ थोडं कमी अन् वरून ठेच्याचा गोळा, याला काही अर्थ नाही. सैंधव घेतलं तरी तेही मीठच. आणि लो सोडियमचं मीठ टेल्मिसार्टनवाल्यानं किंवा किडनीवाल्यानं विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असते.

ज्वारीची भाकर चांगली, पण चार भाकरी चांगल्या नाहीत, शुगर भाकरीनंही वाढते. भंडारा-गोंदियाकडं भात सुटणार नाही, तर भात अर्धा करून वरण आणि अंबाडी-मेथी-चवळीची भाजी दुप्पट करा. जवसाची चटणी खा, मीठ हलकं ठेवून. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ दोन प्लेट खाऊन उपास कोणाचा झाला ते मला नाही समजत.

"आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाला चालायची काय गरज." मेहनत आहेच, पण सलग दम लागेल असं काम रोज असते का? पेरणीत पंधरा दिवस मरमर आणि मग पारावर दोन महिने, असं हार्टला चालत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. अशा चालण्यानं नसांचा कडकपणा थोडा उतरू शकते, आधीच छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र डॉक्टरला विचारून सुरू करा. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधी, पायात चप्पल घालून, शुगरवाल्यानं अनवाणी अजिबात नाही.

झोपेत जोरात घोरणं आणि मधातच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा, त्यानं बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

सातवं काम: अटॅकची तयारी आधी करून ठेवा

शुगरच्या माणसाला अटॅक दरवेळी छातीत कळ येऊन येत नाही. दुखणं कळवणारे मज्जातंतू बोथट झाल्यामुळं नुसता घाम, मळमळ, एकदम थकवा, दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच होते, बायांमध्ये तर आणखीच. आणि घरी काय होते, "गॅस झाला", सोडा पाजते, ओवा चावायला देते, पाठ चोळते, रात्र काढते. नस उघडायचा इलाज पहिल्या तासांत जितका काम करते तितका नंतर नाही करत.

घाम सुटला की ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर साखरपाणी द्या, पण मशीन शोधत बसू नका, आधी १०८ ला फोन. माणसाला चालवायचं नाही, मोटरसायकलवर मधात बसवून न्यायचं नाही. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी द्यायची नाही, बीपी आधीच पडलेला असला तर आणखी पडते. अॅस्पिरिनचं १०८ वाल्या डॉक्टरला विचारा, ते सांगतील तसं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री ईसीजी निघते आणि डॉक्टर राहते हे आजच विचारून ठेवा, सगळीकडं नसते. अॅम्ब्युलन्सला उशीर होत असेल तर गावात कोणाची चारचाकी निघू शकते, दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि एका थैलीत रेशनकार्ड, आधारकार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, बीपीची वही आणि जुना ईसीजी ठेवा. जुना ईसीजी असला की नव्याशी लावून पाहता येते, बदल नवा का जुना ते डॉक्टरला लवकर कळते. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण योजनेतल्या दवाखान्यातच, म्हणून भरती करतानाच आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाचा, काउंटर कुठं आहे ते विचारा, पैसे भरून झाल्यावर नाही.